उकळलेलं पाणी आणि पोटातलं बाळ : एका प्रश्नामागचा इतिहास

भांडुपला आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या काकूंची सून पाचव्या महिन्यात आहे. परवा जिन्यात थांबून तिनं विचारलं, "ताई, पाणी वीस मिनिटं उकळून पिते मी. बाळासाठी तेवढं पुरेल ना?"

मी लगेच हो म्हणाले नाही. उकळणं चुकीचं आहे म्हणून नव्हे. तिच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि त्या दोन उत्तरांचा इतिहास वेगवेगळा आहे. एक इतिहास जंतूंचा, तो मुंबईला तोंडपाठ आहे. दुसरा रसायनांचा, तो बहुतेक दुसऱ्या देशांतल्या लहान गावांत घडला आणि आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आला.

पहिला आधी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची मुंबई विहिरी, बावड्या आणि तलावांवर जगत होती. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर अजून आहे. बाकीच्या कित्येक विहिरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या डासांच्या भीतीनं झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. त्याआधीच शहरानं लांबून पाणी आणायला सुरुवात केली होती. विहार 1860, तुळशी 1879, तानसा 1892. मग 1957 मध्ये वैतरणेवरचं धरण, ज्याला अभियंता मोडक यांचं नाव मिळालं. पुढे अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. शंभरेक किलोमीटर दूरच्या जंगलातून, कारखाने आणि वस्ती टाळून आलेलं पाणी, आणि त्यावर भांडुप आणि पांजरापूरला तुरटी, गाळण, क्लोरिन. या अंतरानं मुंबईच्या कित्येक पिढ्यांतल्या बाळंतिणींना वाचवलं आहे, हे मी मनापासून मानते.

कारण घाण पाणी गरोदर बाईवर फार क्रूर असतं. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी यमुनेवरच्या पाणीपुरवठ्याच्या उपशाजवळ शिरलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. मेलेल्यांत गरोदर स्त्रियांचं प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होतं. तो विषाणू 'हिपॅटायटिस ई' होता, हे जपून ठेवलेले नमुने अनेक वर्षांनी तपासल्यावर कळलं. दिवस राहिलेल्या बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, हा आजार झाला तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. म्हणून पाणी उकळण्याला पर्याय नाही. नळाची लाईन गटाराशेजारून जाते आणि चावीवाला दिवसातून दोन-तीन तासच पाणी सोडतो, तिथे तर नाहीच नाही. दाब नसलेल्या नळात बाहेरची घाण ओढली जाते.

आता दुसरं उत्तर. उकळल्यानं जंतू मरतात. शिसं, नायट्रेट, आर्सेनिक, फ्लोराईड यांचं काही बिघडत नाही. पाणी आटतं आणि ते उलट घट्ट होतात.

आणि ही द्रव्यं बाळापर्यंत पोहोचतात, हे वैद्यकाला फार उशिरा पटलं. वार, म्हणजे आई आणि पोटातलं बाळ यांना जोडणारा अवयव, ही एक भिंत आहे, आईच्या शरीरात आलेलं विष त्या भिंतीशी अडतं, असंच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टर धरून चालत. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या गोळीमुळे बाळं व्यंग घेऊन जन्मली आणि 1961 मध्ये ती समजूत मोडली. त्याच सुमारास जपानमध्ये मिनामाताला ती आणखी वेदनादायक रीतीनं मोडली. तिथला कारखाना समुद्रात पारा सोडत होता, तो माशांत साठत होता. 1956 मध्ये आजाराची पहिली नोंद झाली. पण काही मुलांनी मासा चाखलाही नव्हता आणि ती जन्मापासूनच आजारी होती. त्यांच्या आयांना मात्र फारसा त्रास नव्हता. आया सांगत होत्या की हा तोच आजार आहे. 1962 मध्ये ते अधिकृतपणे मान्य झालं, तेही मृत बालकांच्या शवविच्छेदनानंतर. आईच्या अंगातला पारा बाळानं ओढून घेतला होता.

पुढे पुरावा मिळाला तो नाळेत. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. संशोधकांनी 1970 च्या दशकात त्या नाळा गोळा करून त्यांतला पारा मोजला आणि कुठल्या वर्षी किती विष पोटात गेलं याचा जणू आलेखच मिळाला. आपल्याकडे 'माझी नाळ तिथे पुरलीय' असं म्हणतात, तेव्हा मला हटकून त्या डब्या आठवतात. मिनामाता पिण्याच्या पाण्याची गोष्ट नव्हती, माशांची होती. पण पुढचं सगळं संशोधन तिथे मोडलेल्या समजुतीवर उभं आहे.

पाण्याच्या बाबतीत पहिलं ठळक प्रकरण बाळाच्या दुधाचं. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. त्यांचं वरचं दूध ज्या विहिरींच्या पाण्यात कालवलं होतं, त्यांत नायट्रेट खच्चून होतं. शेतातलं खत आणि संडासाचा पाझर, दोन्हींतून नायट्रेट येतं. म्हणूनच भारतीय मानकात लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

यापुढची कथा क्लोरिनची, आणि ती मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीनं नियमित क्लोरिन वापरायला सुरुवात केली आणि विषमज्वर, पटकी मागे हटली. 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं की पाण्यातला पालापाचोळ्याचा अंश आणि क्लोरिन मिळून क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे पाच हजार गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या दिवसाला पाच किंवा जास्त ग्लास नळाचं पाणी पीत होत्या आणि ज्यांच्या नळाला ही द्रव्यं लिटरमागे 75 मायक्रोग्रॅमच्या वर होती, त्यांच्यात गर्भपात 15.7 टक्के. बाकीच्यांत 9.5 टक्के. मोठी खळबळ झाली. काही वर्षांनी अधिक काटेकोर मोजमापाचा अभ्यास झाला, त्यात तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना आजही सांगते की या द्रव्यांच्या भीतीनं निर्जंतुकीकरणात कसूर करू नका. मला ते पटतं. हिपॅटायटिसचा धोका आज, आत्ता आहे. पावसाळ्यात आपल्या नळाला क्लोरिनचा वास वाढतो, तेव्हा भांडं उघडं ठेवून उकळलं तर क्लोरोफॉर्म बराचसा उडून जातो. इथे मात्र उकळणं कामाला येतं.

पण वॉशिंग्टन शहरात काय झालं पाहा. ही द्रव्यं कमी व्हावीत म्हणून तिथे 2000 च्या अखेरीस क्लोरिनऐवजी क्लोरामाइन हे दुसरं जंतुनाशक वापरायला लागले. हेतू चांगला. पाण्याचं रसायन बदललं आणि जुन्या शिशाच्या नळांतून शिसं सुटायला लागलं. 2001 ते 2004 पर्यंत लोकांनी ते प्यायलं. अभियंता मार्क एडवर्ड्स यांनी 2014 मध्ये मांडलेल्या विश्लेषणात त्या वर्षांत पोटातली बाळं दगावण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

शिशाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ते आपल्या अगदी जवळ आहे. शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, तेव्हा जुनं शिसंही रक्तात उतरतं आणि वार ओलांडतं. 1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं. 76 टक्के मुलांत ते डेसिलिटरमागे 5 ते 20 मायक्रोग्रॅम होतं. आज 5 च्या पुढे गेलं तर स्रोत शोधून काढा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हाचा मोठा स्रोत पाणी नव्हता, पेट्रोल होतं. शिसं घातलेलं पेट्रोल देशात 2000 मध्ये बंद झालं. पण त्या सर्वेक्षणातल्या मुली आता तिशीच्या आसपास आहेत, बाळंतपणाच्या वयात. काकूंची सून त्याच वर्षांत याच शहरात वाढली. दवाखान्यातून मिळणारी कॅल्शियमची गोळी चुकवू नकोस, असं मी तिला दोनदा बजावलं.

द्रावकांची प्रकरणं मी लवकर आटोपते. अमेरिकेतल्या केप कॉडला 1960 च्या दशकाच्या शेवटी पाण्याची चव सुधारावी म्हणून पाइपांना आतून व्हिनाइलचा लेप दिला. लेपातलं द्रावक, जे ड्रायक्लीनिंगला वापरतात, पाण्यात झिरपत राहिलं आणि 1980 मध्ये लक्षात आलं. पुढच्या अभ्यासांत बाळांच्या वजनात फरक सापडला नाही, काही जन्मजात व्यंगं मात्र थोडी अधिक दिसली, आकडे लहान. असल्या अभ्यासांत बहुतेकदा असंच हाती लागतं, अर्धंमुर्धं.

आता ज्यांची चर्चा सगळीकडे आहे ती पीएफएएस. न चिकटणारे तवे, डाग न पडणारी कापडं, आग विझवायचा फेस यांतली ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. अमेरिकेत ड्यूपाँटच्या पार्कर्सबर्गच्या कारखान्याभोवतालच्या सुमारे 69 हजार लोकांची माहिती आणि रक्त, वकील रॉबर्ट बिलॉट यांनी लढवलेल्या दाव्याच्या तडजोडीतून, 2005-06 मध्ये गोळा झालं. ते तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मंडळानं गरोदरपणातल्या रक्तदाबाशी संबंध असण्याची शक्यता मान्य केली, कमी वजनाशी नाही. नंतरच्या अभ्यासांत वजनाचा संबंधही पुढे आला, आणि 2024 मध्ये अमेरिकेनं पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांची मर्यादा लिटरमागे 4 नॅनोग्रॅम ठरवली. अलीकडे ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू हॅम्पशायर राज्यात एक साधी युक्ती केली: दूषित जागेच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, म्हणजे भूजल जिकडे वाहतं तिकडे, असलेल्या विहिरींचं पाणी पिणाऱ्या आयांची तुलना. आपली विहीर प्रवाहाच्या कोणत्या अंगाला आहे हे त्या आयांना ठाऊक नव्हतं. खालच्या बाजूच्या बाळांची स्थिती वाईट होती.

हे आपल्यापासून लांब आहे असं वाटेल. इटलीत व्हिचेंझाजवळचा मिटेनी हा कारखाना अशाच प्रदूषणानंतर 2018 मध्ये बुडाला. जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. त्याची यंत्रसामग्री विकली गेली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. भारताच्या 2012 च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात या रसायनांना मर्यादाच घातलेली नव्हती.

लोटे खेड तालुक्यात येतं. मुंबईतली किती घरं खेड-चिपळूणची आहेत हे वेगळं सांगायला नको. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी गावी जाते. म्हणजे पहिले सात महिने तानसा-भातसाचं पाणी आणि शेवटचे दोन, बाळाचं वजन भराभर वाढतं ते, विहिरीचं किंवा बोअरवेलचं. मुंबईतही एकच पाणी नाही. ज्या वस्त्यांना नळ नाही, त्या टँकरवर जगतात आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे त्यांना कुणी सांगत नाही. 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाण्याचा हक्क आहे, हे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर 2014 मध्ये सांगावं लागलं. देशात जवळजवळ पाचातलं एक बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं. त्यामागे आईचं कुपोषण, रक्तक्षय, लहान वय, चुलीचा धूर अशी कारणं असतात; त्यांच्या गर्दीत पाण्यातल्या रसायनाचा वाटा शोधायचा तर प्रत्येक आईनं कुठलं पाणी किती महिने प्यायलं याची नोंद हवी.

काकूंच्या सुनेनं तिचं माता-बाल संरक्षण कार्ड दाखवलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळे रकाने नीट भरलेले. पाणी कुठलं, हे विचारणारा रकाना मला दिसला नाही. तिचं माहेर आता गावी, लोट्यापासून आठ किलोमीटरवर आहे, घरामागे बोअरवेल. तिथल्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यायला भावाला सांगते म्हणाली. मग माझ्याकडून पेन घेऊन तिनं कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिलं: "सातव्यापर्यंत भांडुप, नळ. पुढे गाव, बोअरवेल."