बेंदराची पोळी आणि बैलाचं कोटीपोट

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, झाला की दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत हमखास ऐकू येतं, "बैलानं वैरण सोडलीया, रवंथबी करंना." मग मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली जाते. मिरवणुकीत नजर लागली म्हणे! नजरेनं कुठलंही जनावर आजारी पडत नाही. दारोदारी मायेनं भरवलेल्या पुरणपोळ्या त्याला बाधलेल्या असतात.

गाई-बैलांना चार पोटं असतात हा समज तसा चुकीचा. जठर एकच, त्याचे कप्पे चार. जाळीपोटाला मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात, वैरणीतून गेलेला खिळा नाहीतर तार तिथंच अडकते. पडदेपोट पाणी शोषतं. खऱ्या पोटात आपल्यासारखंच आम्ल असतं. पण मला वेड लावलंय ते पहिल्या कप्प्यानं, कोटीपोटानं.

मोठ्या जनावरात ते शंभर लिटरच्याही वर जातं. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागं असलेल्या खोलगट जागेत, मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून हात उचलला जातो, इतकी घुसळण तिथं चालू असते. उसाचं वाडं, कडबा यांतलं सेल्युलोज (वैरणीतला चिवट तंतू) फोडणारं विकर (एन्झाइम) बैलाच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम जिवाणूंचं, कोटीपोटातल्या एका मिलिलिटर द्रवात ते अब्जावधी असतात. सेल्युलोज आंबवून ते अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं बनवतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि बैलाची बरीचशी ताकद त्यांतूनच येते. जिवाणूही पुढं वाहत जाऊन पचतात, ती त्याची प्रथिनं. म्हणजे वैरण आपण घालतो ती आधी जिवाणूंना.

एवढं आम्ल तयार होऊनही कोटीपोटाचा सामू (पीएच; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त) ६ ते ७ च्या दरम्यान राहतो तो लाळेमुळं. दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते आणि तिच्यात बायकार्बोनेट, म्हणजे सोडाच असतो. वैरण जितकी भरड, तितकं रवंथ जास्त आणि तितकी लाळ जास्त.

पुरणपोळीत चावायला काही नाही, त्यामुळं लाळ कमी. वर मैदा, गूळ, डाळ झपाट्यानं आंबतात. सामू ५.५ च्या खाली गेला की सेल्युलोज फोडणारे जिवाणू मरू लागतात आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे माजतात. हे आम्ल अ‍ॅसिटिकपेक्षा तीव्र, त्यामुळं सामू आणखी घसरतो. घुसळण थांबते.

एखाद्या पोळीनं काही होत नाही. बादलीभर पोळ्या किंवा लग्नातला उरलेला भात मात्र घालू नका. आणि बैल मलूल दिसला तर आधी भकाळीत मूठ दाबा. हात उचलला जात नसेल, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.