देहदान करायचं ठरलंय? मग गाडीला फोन करायच्या आधी एवढं वाचा

अंत्यविधीचं सामान, देह थंड ठेवायची शवपेटी अन् स्वर्गरथ हे तिन्ही आमच्याकडे रात्री-बेरात्री मिळतं हे जळगाव-भुसावळकडच्या लोकांना माहितीच आहे, त्यावर काही लिहत नाही. हे पत्रक काढलंय ते देहदानाच्या फोनांमुळे. फोन येतो, भाऊ, आमच्या आप्पांनी फॉर्म भरलेला होता, लवकर गाडी पाठवा, मेडिकल कॉलेजला न्यायचंय. आम्ही पहिलं विचारतो, डॉक्टरांचा दाखला हातात आहे का? अन् तिथंच गाडं अडतं.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये चोपडा तालुक्यातून असाच फोन आला. गुरुजी रात्री दोनला घरीच वारले होते. मुलगा सुरतहून निघालेला, तो आल्याशिवाय हलवायचं नाही असं ठरलं, तो पोचला साडेनऊला. शवपेटी कोणी मागवली नाही, खोलीत पंखा चालू, बाहेर ऊन तापायला लागलेलं. गुरुजींचा फॉर्म रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला होता अन् मृत्यूचा दाखला म्हणून सरपंचांच्या लेटरहेडवरची चार ओळींची चिठ्ठी होती. आम्हीही घाईत निघालो, विचारलं नाही. डॉक्टरांचा दाखला नाही म्हणून कॉलेजनं घेतलं नाही, दारात तासभर थांबून परत फिरलो अन् संध्याकाळी तापीकाठी अग्नी दिला. मुलगा एकच म्हणत होता, बाबांची एवढी एक इच्छा होती. तेव्हापासून आमचा नियम आहे, डॉक्टरांचा कागद अन् कॉलेजच्या शरीररचना विभागाचा होकार, दोन्ही मिळाल्याशिवाय देहदानाची गाडी हलत नाही. काही लोक रागावतात, आमच्यावर वेळ आलीये अन् तुम्ही कागद मागता म्हणतात. राग समजतो आम्हाला, पण दारातून परत येण्यापेक्षा घरी अर्धा तास थांबलेलं बरं.

दाखला का लागतो तेही सांगतो. घरी मृत्यू झाला तर शेवटपर्यंत औषध देणाऱ्या डॉक्टरांनी कारण लिहून सही केलेला नमुना 4अ लागतो, दवाखान्यात झाला तर तिथून नमुना 4 मिळतो. एचआयव्ही, कावीळ ब, टीबी असेल तर तिथं शिकणाऱ्या मुलांना धोका म्हणून कॉलेज देह घेत नाही, अन् अपघात, विष, फाशी असेल तर पोलीस केस होते, पोस्टमॉर्टेम झालेला देह चालत नाही. घाई का, तर देह टिकवायला रोहिणीतून, म्हणजे रक्ताच्या नळीतून, फॉर्मेलिन नावाचं औषध सोडतात, एकदा देह खराब व्हायला लागला की ते सगळीकडे पोचत नाही. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहितीये. म्हणून लांबचे नातेवाईक येणार असतील तर आधी शवपेटी मागवा, लाईट जाते म्हणून सोबत जनरेटर आम्हीच देतो.

फॉर्म भरलेला नसला तरी जवळचे वारस संमती देऊन देहदान करू शकतात, अन् फॉर्म असूनही घरातला एकजण नाही म्हणाला तर कॉलेज सहसा घेत नाही. त्यामुळे फॉर्म कपाटात ठेवू नका, पोरांना, सुनांना, जावयाला सगळ्यांना सांगून ठेवा. जळगाव अन् धुळ्याच्या शासकीय मेडिकल कॉलेजात चौकशी करता येते. नेत्रदान आधी करता येतं, पण 6 तासांच्या आत, तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. देह परत मिळत नाही अन् अस्थीही मिळत नाहीत असं धरूनच चाला. दशक्रिया, गंधमुक्ती मात्र करता येते, आमच्या माहितीतल्या कितीतरी घरांनी फोटो ठेवून केलीये. देहदानाचे पैसे कोणी देत नाही, कोणी घेतही नाही, आम्ही फक्त गाडी अन् पेटीचं भाडं घेतो.

अग्नीच द्यायचा असेल तर एका चितेला साधारण 300 किलोच्या वर लाकूड जातं. जिथं गॅस किंवा विद्युतदाहिनी आहे तिथं ती वापरा असं आम्ही स्वतः सांगतो, लाकडाचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. छातीत पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांकडून काढून घ्या, आगीत तो फुटतो.

झाडाखाली माती द्यायची, असंही आता तरुण पोरं विचारतात. आपल्याकडे हे नवीन नाही, महानुभाव, गोसावी, लिंगायत अन् सातपुड्यातले बरेच आदिवासी माती देतातच. सुती कापड वापरा, पेटी नको, नायलॉन अन् प्लास्टिकची फुलं नको, असं सुती सामान आम्ही वेगळं ठेवतो. पण शहराच्या हद्दीत नेमलेल्या जागेशिवाय पुरता येत नाही, गावात शेतात करायचं तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. रक्षा तापीकाठच्या प्रकाशा किंवा चांगदेव गावी नेण्याऐवजी शेतात आंब्याखाली टाकणारेही वाढलेत. चांगलंच आहे, फक्त सगळी एका खड्ड्यात ओतू नका, रक्षा खारट अन् क्षारयुक्त असते, रोप जळतं. शेणखतात अन् भरपूर मातीत मिसळून थोडी थोडी टाका.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, देहदान असेल तर कॉलेजची पावती जपून ठेवा, स्मशानाच्या पावतीच्या जागी तीच लागते. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर दोन फोटो अन् आधारची झेरॉक्स घेऊन दुपारी दुकानात या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.