तंतुकणिकेतील कॅल्शियम संदेशन आणि कर्करोग

तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, कॅल्शियमचे आयन आत घेतात आणि गरजेप्रमाणे परत सोडतात. या देवघेवीवर पेशीची ऊर्जानिर्मिती अवलंबून असते आणि तिचा मृत्यूही. कर्करोगाच्या पेशी याच व्यवहारात ढवळाढवळ करतात.

शांत पेशीच्या पेशीद्रव्यात मुक्त कॅल्शियम अगदी नगण्य असते, पेशीबाहेरच्या द्रवाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतके. म्हणूनच त्यात झालेली थोडीशी वाढही पेशीला संदेश वाटते. पेशीतला मुख्य साठा आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, असतो. जालिका आणि तंतुकणिका काही ठिकाणी इतक्या खेटून असतात की मध्ये जेमतेम १० ते २५ नॅनोमीटरची फट उरते. जालिकेवरचे आयपी-३ ग्राही, म्हणजे कॅल्शियम बाहेर सोडणारी प्रथिनांची दारे, उघडले की या फटीत कॅल्शियम एकदम दाटते. असे दाटणे गरजेचेच आहे, कारण तंतुकणिकेच्या आतल्या पटलातला एमसीयू हा मार्ग कमी पातळीला दाद देत नाही. एमआयसीयू-१ हे प्रथिन त्याचे दार लावून ठेवते.

हे आत शिरणारे कॅल्शियम १९९२ मध्ये रोझारिओ रिझुतो, तुलियो पोझान आणि सहकाऱ्यांनी जिवंत पेशीत टिपले. जेलीफिशमधले एक्वोरिन हे प्रथिन कॅल्शियम भेटताच निळसर उजळते. ते तंतुकणिकेत पोहोचवून पेशीला चेतवले, तेव्हा आतून प्रकाश आला. खुद्द मार्गाचे प्रथिन मात्र २०११ मध्येच हाती लागले, तेही एकाच वेळी दोन ठिकाणी: इटलीतील पादुआत रिझुतोंच्या आणि अमेरिकेत वंशी मूठा यांच्या प्रयोगशाळेत.

बेताचे कॅल्शियम क्रेब्ज चक्रातील, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या साखळीतील, विकरांना चालना देते आणि एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू वाढतो. अतिरेक झाला की आतल्या पटलाला छिद्रे पडतात, सायटोक्रोम-सी हे मृत्यूची प्रक्रिया सुरू करणारे प्रथिन बाहेर सांडते आणि पेशी मरते. हा मृत्यू टाळण्यासाठी अनेक गाठींतील पेशी प्रवाह आवळतात. बीसीएल-२ हे प्रथिन आयपी-३ ग्राहीवर ठाण मांडते. आतड्याच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात एमआयआर-२५ हा सूक्ष्म आरएनए एमसीयूचे प्रमाण घटवतो. स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगात (ज्याच्या पेशींवर उपचारांचे नेहमीचे तीन ग्राही नसतात) चित्र उलटे दिसते. तिथे एमसीयू जास्त असेल तर गाठ मोठी आढळते, आणि उंदरांमध्ये ते काढून टाकल्यावर गाठीची वाढ आणि प्रसार दोन्ही मंदावले. त्यामुळे एमसीयूला सरसकट शत्रू ठरवणे चूक आहे.

सर्वांत आशादायक धागा २०१६ मध्ये सेझर कार्देनास आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून मिळाला. जालिकेकडून येणारा प्रवाह तोडल्यावर निरोगी पेशींनी ऊर्जा कमी पडतेय हे ओळखून विभाजन थांबवले आणि त्या तगल्या. कर्करोगाच्या पेशींना थांबता आले नाही. त्या तशाच विभाजनात शिरल्या आणि त्यातच मेल्या. म्हणजे गाठीची बेलगाम वाढ हीच तिची दुखरी नस ठरली. औषध बनवणे तरीही सोपे नाही, कारण हृदयाच्या स्नायूंनाही हाच मार्ग लागतो.

रुग्णाच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: मग दूध, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या का? इथे सांगितलेल्या संशोधनातून तसा निष्कर्ष निघत नाही. रक्तातली पातळी पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व सांभाळतात, तर पेशीतली पातळी तिचे स्वतःचे पंप आणि मार्ग ठरवतात. गोळ्यांचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.