लिनक्सवर सीपीयूचा डिफॉल्ट गव्हर्नर कोण ठरवतं, त्याची पार्श्वभूमी

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की बॅटरी वाचवायला गव्हर्नर (सीपीयू किती वेगानं, म्हणजे किती फ्रिक्वेन्सीवर चालवायचा ते ठरवणारा नियम) पॉवरसेव्ह करू का हा प्रश्न येतोच, आणि उत्तर तुमच्या मशीनवर कुठला ड्रायव्हर चालतोय त्यावर अवलंबून असतं. हा घोळ कळायला वीसेक वर्षं मागं जावं लागतं.

2000 च्या आसपास इंटेलनं मोबाईल पेंटियम थ्रीमधे स्पीडस्टेप आणलं, एएमडीनं पॉवरनाऊ, ट्रान्समेटानं लाँगरन. कल्पना सगळ्यांची एकच, काम कमी असेल तेव्हा फ्रिक्वेन्सी खाली आणा आणि व्होल्टेजही, कारण खरी बचत व्होल्टेजमधे आहे, वीज त्याच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. नुसती फ्रिक्वेन्सी अर्धी केली तर तेच काम दुप्पट वेळ चालणार, मग वाचलं काय?

डिसेंबर 2003 मधे आलेल्या 2.6 कर्नलमधे (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) फ्रिक्वेन्सी बदलायची यंत्रणा, सीपीयूफ्रेक, होती, पण गव्हर्नर अगदी ढोबळ. परफॉर्मन्स म्हणजे कायम वरची फ्रिक्वेन्सी, पॉवरसेव्ह म्हणजे कायम खालची, आणि यूजरस्पेस म्हणजे तुमचं तुम्ही बघा. म्हणून मग पॉवरनाऊडी, सीपीयूस्पीड असे डीमन, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्रॅम, आले, ते अधूनमधून लोड बघून फ्रिक्वेन्सी वरखाली करायचे, पण त्यांना जाग येईपर्यंत बरेचदा काम उरकलेलं असायचं. 2004 मधे 2.6.9 मधे इंटेलच्या वेंकटेश पल्लीपाडींचा ऑनडिमांड गव्हर्नर आला आणि हे कर्नलच्या आतच व्हायला लागलं: लोड ठराविक टक्क्यांच्या वर गेला की थेट कमाल फ्रिक्वेन्सी, उतरला की खाली.

तरी कर्नलचा डिफॉल्ट बरीच वर्षं परफॉर्मन्सच राहिला, कारण काही हार्डवेअरवर फ्रिक्वेन्सी बदलायला इतका वेळ लागायचा की ऑनडिमांड तिथं चालायचाच नाही. मग डिस्ट्रो, म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्या, आपापली शक्कल लढवायचे. उबुंटूत तर एक स्क्रिप्ट होती जी बूट झाल्यावर 60 सेकंद नुसती थांबायची आणि मग ऑनडिमांड लावायची, म्हणजे बूट फुल स्पीडनं आणि बचत नंतर. जुगाडच, पण चालायचा!

2007 मधे इंटेलकडून पॉवरटॉप हे वीज कुठं जाते ते दाखवणारं टूल आलं आणि लोकांना पहिल्यांदा दिसलं की सीपीयूला झोपूच न देणारे प्रोग्रॅम किती आहेत. त्याच सुमारास काम पटकन संपवा आणि लगेच झोपा हा विचार जोर धरायला लागला, कारण सीपीयू रेंगाळत काम करत बसला तर मेमरी वगैरे बाकी सगळं पण तेवढाच वेळ जागं राहतं. सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीला अडकवून ठेवलं तर एकूण वीज उलट जास्त जाऊ शकते, हे आजही खूप जणांना पटत नाही.

मग 2013 मधे 3.9 कर्नलमधे इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर आला, आणि नावांचा खरा गोंधळ इथं झाला. याचा पॉवरसेव्ह खालच्या फ्रिक्वेन्सीला अडकत नाही, तो लोडप्रमाणे वरखाली होतो, साधारण जुन्या ऑनडिमांडसारखाच. नवीन नाव दिलं असतं तर काय बिघडलं असतं कोण जाणे, जुन्या गाइड वाचून सेटिंग करणारे लोक अजून यात फसतात.

2016 मधे 4.7 मधे राफाएल विसोत्स्कींचा शेडयूटिल गव्हर्नर आला. तो अधूनमधून लोड वेगळा मोजत बसत नाही, शेड्युलरकडं (कुठलं काम कधी आणि कुठल्या कोरवर चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) लोडचा जो अंदाज आधीच असतो त्यात पाव भाग जास्तीचा धरून फ्रिक्वेन्सी मागतो. 2019 मधे 5.0 मधे एनर्जी अवेअर शेड्युलिंग, म्हणजे वीज बघून काम कुठल्या कोरवर द्यायचं ते ठरवणं, आलं, लहानमोठे कोर असलेल्या एआरएम चिपसाठी, आणि ते शेडयूटिलवरच उभं आहे.

पण तोपर्यंत इंटेलनं निर्णय चिपच्या आतच नेला होता. स्कायलेकपासून एचडब्ल्यूपी आलं, त्यात कर्नल फ्रिक्वेन्सी सांगत नाही, फक्त कल सांगतो, वीज वाचवू की वेग देऊ, आणि बाकीचं चिप बघते. एचडब्ल्यूपी नसलेल्या जुन्या इंटेल मशीनवर 2020 पासून इंटेल-पीस्टेट पॅसिव्ह मोडमधे सुरू होतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवायचं काम नेहमीच्या गव्हर्नरवर सोडतो. एएमडीचा असाच ड्रायव्हर, एएमडी-पीस्टेट, 2022 मधे 5.17 मधे आला, कल सांगायची सोय 6.3 मधे.

आता ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमधे पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड, परफॉर्मन्स असे पर्याय दिसतात ते असल्या मशीनवर मुख्यतः हा कलच बदलतात, गव्हर्नर नाही. सर्व्हरवर मात्र वेगळाच हिशोब, रेड हॅटच्या ट्यून्ड या सेटिंग लावणाऱ्या टूलचं थ्रूपुट-परफॉर्मन्स प्रोफाइल आजही सरळ परफॉर्मन्स गव्हर्नरच लावतं.