विश्वासाची शास्त्रातून पारख

आपल्याला मनापासून पटलेली, प्रार्थनेत जाणवलेली किंवा घरात आजी-आजोबांपासून चालत आलेली गोष्ट पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, बसते का ते तपासून बघायची ख्रिस्ती लोकांची पद्धत म्हणजे शास्त्रातून पारख. माणूस खोटं बोलतोय असा आरोप यात नसतो. तो अगदी रडत रडत साक्ष देत असेल, तरी त्याला जे वाटतंय ते बरोबर असेलच असं नाही, एवढंच म्हणणं आहे. पण मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कोणी उभं राहून 'प्रभूने मला सांगितलं' म्हटलं की पुढे कोण बोलणार, सगळे आमेन म्हणून मोकळे होतात.

याचा आधार म्हणून बहुतेक वेळा बायबलातल्या बिरुया गावच्या लोकांचं उदाहरण सांगतात (प्रेषितांची कृत्ये 17:11). येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या प्रेषित पौलाचं बोलणं त्यांनी उत्सुकतेने ऐकलं आणि मग तो म्हणतो तसंच आहे का हे रोज शास्त्रात शोधून बघितलं, आणि याबद्दल त्यांना कोणी उद्धट म्हटलं नाही, उलट कौतुकच झालंय. खुद्द प्रेषिताला तपासलं तर आजच्या पास्टरला तपासायला काय हरकत आहे, असा त्याचा सरळ अर्थ. पौल स्वतः तर याचं मोठं उदाहरण आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता तेव्हा तो ढोंगी नव्हता, हेच आपलं कर्तव्य असं त्याला खरंच वाटत होतं (प्रेषितांची कृत्ये 26:9). नंतर करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, तो लिहितो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यावरून मी निर्दोष ठरत नाही.

सोलापुरातल्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. हे मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं आणि पुढे नगर, सोलापूर असं पसरलं. त्याची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे निर्णय मंडळीने घ्यायचा, त्यामुळे साध्या सभासदानेही बायबल उघडून वाचावं ही अपेक्षा. 1970 मध्ये अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्यात या परंपरेच्या मंडळ्या आल्या. शिवाय शहरात विणकामामुळे तेलुगू वस्ती मोठी, तेलुगू उपासना आहेत, आणि अलीकडच्या स्वतंत्र फेलोशिप तर आहेतच, जिथे दर्शन, भविष्यवाणी यांना जास्त वजन असतं. नात्यागोत्यात दोन्हीकडचे लोक असतात, मग रविवारी जेवताना वाद ठरलेला.

प्रत्यक्षात पारख कुठे कमी पडते ते बघायचं तर 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना बघावी. बऱ्याच ठिकाणी नव्या वर्षासाठी वचनाची, म्हणजे बायबलातली एखादी ओळ लिहिलेली, चिठ्ठी उचलतात. एखाद्याला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 निघतं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे, आणि तो म्हणतो झालं, यंदा पुण्याची नोकरी पक्की. चिठ्ठीवर एकच ओळ असते, त्याच्या आधीच्या ओळी नसतात, आणि तिथे देव बाबेलमध्ये कैदेत गेलेल्यांना सांगतोय की सत्तर वर्षं थांबा, तिथेच घरं बांधा, बागा लावा. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो म्हणतो दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना अर्थातच दोन वर्षंवालाच आवडला असणार! यिर्मयासुद्धा आधी म्हणतो, आमेन, देव तसंच करो, पण शेवटी शांतीचं भाकीत खरं उतरलं तरच संदेष्टा देवाचा, हा निकष तो सोडत नाही. तेव्हा वचन सापडलं म्हणजे पारख झाली असं नाही, ते कोणाला, कधी, कशासाठी सांगितलं हे वाचावं लागतं. येशूची परीक्षा घेताना सैतानानेही स्तोत्र 91 चंच वचन त्याला ऐकवलं होतं.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत धर्मसुधारक मार्टिन लूथर म्हणाला की माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे, पण 1529 मध्ये मारबुर्गला तोच लूथर आणि स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंग्ली एकच बायबल समोर ठेवून बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जुळलं आणि प्रभुभोजनावर, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीवर, अडलं ते अडलंच. म्हणूनच कॅथलिक लोक सांगतात की शास्त्राबरोबर चर्चची परंपरा आणि शिकवणीचा अधिकारही हवा, मेथडिस्ट त्यात तर्क आणि अनुभव धरतात, पण शास्त्र पहिलं. मला वाटतं एकट्याने केलेली पारख बरेचदा आपल्याच मताला शिक्का मारून घेणं होतं, त्यामुळे चार जणांत बसून वाचणं बरं. चूक सांगायची तर रीत बायबलातल्या अक्विल्ला-प्रिस्किल्ला या जोडप्याची, त्यांनी अपुल्लो नावाच्या उपदेशकाला भर सभेत न टोकता आपल्याकडे नेऊन नीट समजावलं.

काही गोष्टींत मात्र शास्त्रच निर्णय माणसावर टाकतं. जानेवारीत सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा असते, शेजारचे प्रसाद आणून देतात, तो खायचा की नाही यावर ख्रिस्ती घरांत एकमत नसतं. एक जण प्रेषितांची कृत्ये 15:29 दाखवतो, मूर्तीला वाहिलेलं वर्ज्य, दुसरा 1 करिंथ 8 काढतो की मूर्ती काही नाहीच, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही. पौल मात्र त्याच पत्रात पुढे म्हणतो की बाजारात मिळतं ते न विचारता खा, पण हे वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणून काही घरांत ताट आदराने घेतात आणि खात नाहीत, काही घरांत खातात, आणि रोमकरांस 14 प्रमाणे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानायचं नाही आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावायचा नाही.