विंचेस्टर कॉलेज

विंचेस्टर कॉलेज : दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील विंचेस्टर या कॅथीड्रलच्या गावी असलेली, अँग्लिकन (इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या) परंपरेची, मुख्यतः मुलांची खाजगी निवासी शाळा. नाव कॉलेजचे असले तरी संस्था माध्यमिक शाळेचीच आहे. स्थापना १३८२. मराठी वाचकाचा, विशेषतः गोमंतकीय वाचकाचा, या शाळेशी संबंध येतो तो गोव्याच्या साष्टी भागातील रायतूरमार्गे. तेथे छापलेल्या क्रिस्तपुराण या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) याचे शालेय शिक्षण येथे झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या नोंदीत शाळेच्या इतर इतिहासापेक्षा त्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

स्थापना : संस्थापक विल्यम ऑफ वाइकम हा विंचेस्टरचा बिशप व इंग्लंडचा चान्सेलर. सामान्य कुळात जन्मून तो राजाच्या बांधकामांवरील देखरेखीतून वर आला. १३४८–४९ च्या प्लेगने धर्मगुरूंची संख्या रोडावली होती. ती शिकलेल्या माणसांनी भरून काढावी, हा त्याचा उघड हेतू. त्यासाठी त्याने ऑक्सफर्डला न्यू कॉलेज (१३७९) आणि त्याला विद्यार्थी पुरवणारी ही शाळा काढली. सनद १३८२ ची असली, तरी मुले नव्या इमारतीत राहायला आली १३९४ मध्ये. त्यामुळे शाळेचे वय सांगताना कोणते साल धरावे याबद्दल ग्रंथांत थोडी तफावत दिसते. ७० गरीब विद्यार्थी, १६ गायकबालक, १० फेलो (संस्थेचे सदस्य), ३ चॅप्लेन (प्रार्थनामंदिराचे धर्मगुरू), एक मुख्याध्यापक व एक दुय्यम शिक्षक, आणि सर्वांवर वॉर्डन, अशी मूळ रचना होती. पैसे भरून शिकणाऱ्या थोड्या मुलांनाही मुभा होती. त्यांना ‘कॉमनर’ म्हणत. ७० विद्यार्थी व २ शिक्षक मिळून येशूचे ७२ शिष्य, १६ गायकबालक म्हणजे बायबलमधील ४ थोर व १२ लघु संदेष्टे, अशी सांकेतिक जुळवणी जुन्या ग्रंथांत आवडीने दिलेली असते. ती मागाहून सुचलेली दिसते. १४४० मध्ये सहाव्या हेन्रीने ईटन काढले ते याच नमुन्यावर, आणि त्यासाठी विंचेस्टरचा मुख्याध्यापक विल्यम वेनफ्लीट यालाच तिकडे नेले.

धर्मांतराचा काळ : शाळा स्थापनेपासून अर्थातच रोमन कॅथलिक होती. अँग्लिकन झाली ती सोळाव्या शतकातील राजाज्ञांनी, आणि तीही एका झटक्यात नव्हे. पहिल्या एलिझाबेथच्या १५५९ च्या कायद्याने इंग्रजी प्रार्थना सक्तीची झाली. पण १५६० मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज, ईटन व विंचेस्टर यांना लॅटिन प्रार्थनापुस्तकाची सवलत मिळाली. म्हणजे राज्याचा धर्म बदलला तरी येथील मुलांच्या कानावर लॅटिनच पडत राहिले. चेंबर कोर्ट या आतल्या चौकाच्या दारावर मेरीची जुनी मूर्ती आहे, आणि तिच्या मानार्थ चौकात मुलांनी डोके उघडे ठेवण्याचा रिवाज धर्मसुधारणेनंतरही टिकला. त्या पिढीत शाळेतून कट्टर कॅथलिक बरेच निघाले. निकोलस सँडर व थॉमस स्टेपल्टन हे वादपटू येथलेच. १६०६ मध्ये फाशी गेलेला जेझुइट (या कॅथलिक धर्मसंघाचा सदस्य) हेन्री गार्नेट हाही येथलाच विद्यार्थी.

स्टीफन्सचा प्रश्न : स्टीफन्स विल्टशरमधील बुश्टनचा, लंडनमधील एका व्यापाऱ्याचा मुलगा. २० ऑक्टोबर १५७५ रोजी तो रोमला जेझुइट संघात दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. प्रवासाची हकिगत त्याने १० नोव्हेंबरच्या पत्रात वडिलांना कळवली. हे पत्र पुढे रिचर्ड हॅकल्यूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. १५८३ च्या अखेरीस न्यूबेरी, फिच आदी इंग्रज व्यापारी गोव्यात कैद झाले तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत तो होता. १५७९ पासूनचा तपशील असा भक्कम आहे. वाद आहे तो त्याआधीच्या वर्षांचा.

जुन्या इंग्रजी लेखनाच्या आधारे तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचा विद्यार्थी होता, असे दीर्घकाळ लिहिले गेले आणि मराठीतही ते जसेच्या तसे उतरले. पण न्यू कॉलेजच्या पटावर त्याचे नाव सापडत नाही. उलट विंचेस्टरच्या पटावर १५६४ मध्ये दाखल झालेला थॉमस स्टीफन्स नावाचा मुलगा आहे. अडचण एवढीच, की या मुलाचे दाखल्यावेळचे वय आणि रोममध्ये सांगितलेले वय यांत एक-दोन वर्षांचा फरक पडतो, आणि नाव काही दुर्मीळ नव्हे. तथापि त्या काळी वय अंदाजाने सांगत, हे लक्षात घेता तेवढ्या फरकावरून दोन व्यक्ती मानण्याचे कारण नाही. त्याचा इंग्लंडमधील सोबती व आश्रयदाता थॉमस पाउंड हाही विंचेस्टरचाच होता असे सांगतात. ऑक्सफर्डची आख्यायिका कशी निर्माण झाली असावी, हेही यावरून उलगडते. या शाळेतून न्यू कॉलेजात जाणे हा ठरलेला रस्ता होता. शाळा कळली की पुढचे कॉलेज लेखकांनी गृहीत धरले असणार. विंचेस्टर स्वीकारावे आणि ऑक्सफर्ड सोडून द्यावे, हे प्रस्तुत नोंदीत ग्राह्य धरले आहे.

१५६१ ते १५७१ या काळात मुख्याध्यापक होता क्रिस्टोफर जॉन्सन, स्वतः लॅटिन कवी व पुढे वैद्य. त्याने वर्गात सांगितलेले पाठ एका विद्यार्थ्याच्या वहीत उतरले आणि ती वही आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. दिलेल्या विषयावर मोजक्या ओळींचे लॅटिन पद्य रचून दाखवणे हा येथील नित्यपाठ. या शाळेचे मध्ययुगीन वळणाचे वर्णन करणारे एक लांब लॅटिन काव्य पूर्वी जॉन्सनच्या नावावर असे. आता ते १६४७ चे व रॉबर्ट मॅथ्यूचे मानतात, म्हणून स्टीफन्सच्या काळच्या दिनचर्येसाठी त्याचा आधार घेताना जपून राहावे. रायतूरला १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणातील सुमारे अकरा हजार ओव्या या लॅटिन तालमीचे फळ, असे सुचवण्याचा मोह काहींना होतो. ओवीचे वळण मात्र मराठी संतकवींचे आहे. परक्या भाषेत, घातलेल्या मापात, रोज पद्य पाडायची लहानपणची सवय कामी आली असेल, एवढेच म्हणता येते. पर्वरीच्या थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्रात त्याचे नाव आज गोव्यात नांदत आहे.

रीतिरिवाज : शाळेतील जुने शब्द व चाली यांना ‘नोशन्स’ म्हणतात. नव्या मुलाला त्या शिकून परीक्षा द्यावी लागे. १८७२ मध्ये अशा परीक्षेला नकार देणाऱ्या एका मुलाला वरच्या वर्गातील प्रमुखाने ॲशच्या छडीचे ३० फटके मारले. वृत्तपत्रांतून गहजब झाला आणि विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिक्षा करण्याच्या प्रथेवर देशभर चर्चा झाली. शिस्तीविरुद्ध मुलांची बंडे १७९३ व १८१८ मध्येही झाली होती. दुसऱ्या वेळी सैनिक बोलवावे लागले.

सतराव्या शतकातील वर्गगृहाच्या भिंतीवर एक लॅटिन ओळ मोठ्या अक्षरांत रंगवलेली आहे : शीक, नाहीतर चालता हो, तिसरी वाट मार खाण्याची. तीन पर्यायांसोबत तीन चित्रे आहेत. शिकणाऱ्यासाठी बिशपचा मुकुट व दंड, जाणाऱ्यासाठी दौत व तलवार, राहिलेल्यासाठी छडी. स्वयंपाकघराबाहेर ‘विश्वासू सेवका’चे विचित्र चित्र आहे : तोंड डुकराचे आणि त्याला कुलूप, कान गाढवाचे, पाय हरणाचे, हातात झाडू-फावड्यासारखी अवजारे. मूळ चित्र सु. १५७९ चे मानतात; सध्याचे रूप १८०९ मधील. वर्षातून एकदा सगळी शाळा पहाटे सेंट कॅथरिनच्या टेकडीवर चढते. उन्हाळी सत्राच्या शेवटी घराची ओढ सांगणारे ‘दुल्चे दोमुम’ हे लॅटिन गीत गातात. सुट्टीत कोंडून ठेवलेल्या मुलाने ते झाडाखाली रचले ही दंतकथा, आणि चाल जॉन रीडिंगची. शाळेचा स्वतःचा फुटबॉलही आहे. लांब अरुंद मैदान, दोन्ही बाजूंना जाळ्या, आणि नियम बाहेरच्याला सहसा न उमगणारे.

अर्वाचीन काळ : १८६६ ते १८८४ या काळातील मुख्याध्यापक जॉर्ज रिडिंग याने स्वतंत्र निवासगृहे वाढवली, त्याला दुसरा संस्थापक म्हणतात. शिष्यवृत्तीधारक ७० मुले आजही मूळ इमारतीत राहतात व काळा झगा घालतात. बाकीची दहा निवासगृहांत. २०२२ पासून शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत मुलींना प्रवेश मिळू लागला.

माजी विद्यार्थ्यांत रामानुजनला केंब्रिजला बोलावणारा गणिती जी. एच. हार्डी आणि ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ऋषी सुनक हे भारतीयांना परिचित. मुंबईत मलबार हिलवर जन्मलेला, फलंदाजाच्या अंगावर मारा करण्याच्या ‘बॉडीलाइन’ डावपेचामुळे गाजलेला क्रिकेट कर्णधार डग्लस जार्डिन येथलाच. त्याने १९१९ च्या हंगामात केलेला शाळेचा धावांचा विक्रम १९५९ मध्ये मन्सूर अली खान पतौडी यांनी १,०६८ धावा काढून मोडला.