शेतातला ठेवा आणि व्यापाऱ्याचा मोती

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूचे दोन छोटे दाखले, म्हणजे बोधकथा, पाठोपाठ येतात, 44व्या ओवीपासून 46व्या ओवीपर्यंत. एका माणसाला शेतात पुरलेला ठेवा सापडतो. तो पुन्हा मातीखाली झाकतो आणि आनंदाच्या भरात असेल नसेल ते विकून ते शेत विकत घेतो. दुसरा माणूस मोत्यांचा व्यापारी. चांगल्या मोत्यांच्या शोधात असताना त्याला एक फार मोलाचा मोती दिसतो. तोही सगळं विकतो आणि मोती घेतो. दोघांनीही सर्वस्व विकलं, म्हणून उपासनेत काय किंवा घरोघरच्या प्रार्थनासभांत काय, आपण हे दाखले एकाच दमात वाचतो आणि अर्थही एकच काढतो: देवासाठी सगळं सोडा. माझ्या मते सुवार्तेचं, म्हणजे येशूच्या शुभसंदेशाचं, मोल आपल्या नजरेतून निसटतं ते इथेच.

पहिला माणूस काहीच शोधत नव्हता. तो दुसऱ्याच्या शेतात होता, बहुधा रोजच्या कामावर. त्या काळी पैसा जमिनीत पुरून ठेवणं ही सर्रास रीत होती. लढाई आली, मालक मेला किंवा परागंदा झाला की ठेवा तसाच मातीत राहायचा. पेठांतले जुने वाडे उतरवताना भिंतीत नाणी निघाल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मात्र तोच पुणेकर लगेच विचारतो, मालकाला न सांगता शेत घेतलं, ही फसवणूक नाही का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 1878च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं गुप्तधन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर कलेक्टरला कळवावं लागतं. पण येशू त्या माणसाच्या व्यवहाराला प्रशस्तिपत्र देत नाही. खरी किंमत कळलेला माणूस किती झपाट्याने हलतो, तेवढंच तो दाखवतो.

आणि ‘आनंद’ हा शब्द फक्त याच दाखल्यात आहे. विकणं आनंदातून येतं. आधी त्याग आणि मग बक्षीस म्हणून आनंद, असा क्रम तिथे नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक मावशी आहेत, चार घरी स्वयंपाक करतात. भावाशी गावच्या जमिनीवरून त्यांचा दावा चालू होता. लेकीच्या बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी धडे पाठ करून घेताना क्षमेवरचं एक वचन त्यांच्या मनात रुतलं. महिन्याभरात त्यांनी दावा मागे घेतला. हे सांगताना त्या पोळी लाटत होत्या आणि चक्क हसत होत्या. “अहो, कोर्टाच्या दिवशीचा खाडा वाचला, आणि रात्रीची झोप परत आली,” म्हणाल्या. आपण काही गमावलं, असा सूरच नव्हता. ठेवा सापडलेला माणूस असा दिसतो.

व्यापाऱ्याचं तसं नाही. तो जाणकार आहे, शोध हाच त्याचा धंदा. येशूच्या काळात मोती इराणच्या आखातातून आणि भारत-लंकेमधल्या समुद्रातून पश्चिमेकडे जायचे आणि सर्वांत महाग वस्तूंत मोजले जायचे. बसऱ्याच्या मोत्यांची नथ ज्यांच्या घरात आहे, त्यांना हा मान ठाऊक आहे. मोती दाताला हलकेच घासून पाहतात. काचेचा गुळगुळीत लागतो, खरा किंचित खरखरतो. पण हजार मोती हाताखालून गेल्याशिवाय पाणी आणि तेज ओळखायला नजर तयार होत नाही. या व्यापाऱ्याकडचे आधीचे मोती खोटे होते, असं दाखला म्हणत नाही. ते चांगलेच असणार. चांगलं विकून त्याने सर्वोत्तम घेतलं. बुडीत माल टाकण्याहून हे कितीतरी अवघड आहे: विद्वत्ता, समाजकार्य, लोकांत मिळालेला मान, हे सगळे खरे मोतीच.

पंडिता रमाबाईंना मी याच ओळीत पाहते. संस्कृत शास्त्रांत पारंगत, 1882मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या, आणि 1883मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या. तपासून, वाद घालून, पारखून घेणारी बाई. तरी पुढे त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या प्रवासाच्या आत्मकथनात, लिहिलं की बाप्तिस्म्यानंतरही बराच काळ आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मोत्याच्या दुकानात पोहोचलं म्हणजे मोती हाती आला असं नव्हे, हे इतक्या प्रामाणिकपणे फार थोड्यांनी सांगितलं असेल. पण त्याच साक्षीत दुसरीही गोष्ट आहे. कितीतरी आधी, आसामात सिल्चरला असताना, स्वतःच्याच घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. न शोधता. आणि 1907च्या त्या साक्षीच्या नावातही त्यांनी मोती नाही, अक्षय ठेवा म्हटलं. म्हणजे हे माणसांचे दोन पक्के गट नाहीत. एकाच आयुष्यात दोन्ही घडतं.

तरीही वेगळेपण जपायला हवं. हे दोन दाखले एकमेकांना चिकटलेलेच होते असंही नाही: इजिप्तमध्ये 1945मध्ये सापडलेल्या थोमाच्या नावाच्या, येशूच्या वचनांच्या जुन्या संग्रहात मोती 76व्या वचनात आहे आणि ठेवा 109व्या. आपण ते मिसळतो तेव्हा चुकीच्या माणसाला चुकीचा दाखला देतो. ज्याला कामाच्या धबडग्यात अचानक काही गवसलं, त्याला म्हणतो, आधी नीट अभ्यास कर. जो वर्षानुवर्षं प्रश्न विचारतोय, त्याला म्हणतो, प्रश्न सोड, विश्वास ठेव. आणि ख्रिस्ती घरात जन्मलेल्या आपल्यासारख्यांना तर मोत्याची गरज वाटत नाही आणि शेत इतकं ओळखीचं झालेलं असतं की कुदळ लागल्याचा आवाजही ऐकू येत नाही. दर रविवारी त्याच ओळी, तीच गीतं. आपल्यासाठी पहिला दाखला जास्त गरजेचा, असं मला ठाम वाटतं.

आणखी एक फरक, ज्यावर फारसं बोललं जात नाही. व्यापारी थेट मोती घेतो. पहिल्या माणसाला मात्र ठेव्यासोबत अख्खं शेत घ्यावं लागतं: दगड, तण, बांधावरचे शेजारी, शेतसारा. सुवार्ता बहुतेकांच्या हाती येते ती अशीच, मंडळीसकट. कमिटीतली भांडणं, कंटाळवाणं प्रवचन, उसने पैसे न फेडणारा बंधू, सगळं त्याच सातबाऱ्यावर. नुसता ठेवा उकरून पळ काढायची सोय येशूने त्या गोष्टीत ठेवलेली नाही. मावशींचा भाऊ अजून त्यांच्याशी बोलत नाही. नाताळचा फराळ तरीही त्याच्या घरी जातो.